जटेखालची जागा

डॉक्टर वयानं लहान होते आणि त्यांची जेवणाची वेळ टळून गेली होती, नाहीतर तेच वाक्य त्यांनी जरा आडवळणानं सांगितलं असतं. खिडकीच्या उजेडाला फिल्म धरून त्यांनी संयोगिताला तिच्या आईची कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये साकळलेलं रक्त दाखवलं, पेनाच्या टोकानं भोकं पाडायची जागा दाखवली, ती जागा नेमकी जटेच्या बुंध्याखाली येते हेही सांगितलं. “तेव्हा मॅडम, केस ठेवायचे की डोकं, ते आता तुम्हीच ठरवा,” ते म्हणाले. “पण संध्याकाळच्या आत.” आणि ते जिन्याकडे निघून गेले. संयोगिता व्हरांड्यात तशीच उभी राहिली आणि तिची तिलाच लाज वाटावी अशी गोष्ट घडली. तिला हसू आलं. अगदी ओठांच्या कडेला, सवयीचं. हे वाक्य आलं की वर्ग हसतो आणि वर्ग हसला की बाई हसतात, असा वर्षानुवर्षांचा रिवाज होता.

कारण हे वाक्य तिचं होतं. म्हणजे होतं मांचूंचं, पण कोल्हापुरातल्या त्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ‘आधुनिक जपान आणि चीन’ घेणाऱ्या पोरांनी ते आजवर तिच्याच तोंडून ऐकलेलं. मिंग घराणं कोसळलं, उत्तरेकडून मांचू घोडेस्वार आले आणि त्यांनी चिनी पुरुषांना हुकूम केला की आमच्यासारखं पुढचं डोकं भादरा आणि मागं लांब वेणी सोडा. केस ठेवाल तर डोकं जाईल, डोकं ठेवायचं असेल तर केस जातील. ज्यांनी ऐकलं नाही त्यांची मुंडकी वेशीवर लटकली. इथवर वर्ग गप्प असायचा. मग ती चष्मा काढून पुसत म्हणायची, “अशी मांचूंनी चिन्यांना शेंडी लावली,” आणि मागच्या बाकांपर्यंत हशा पिकायचा. विनोद तिचा स्वतःचाही नव्हता. तिच्या सरांचा होता, आणि सरांनाही तो कुणाकडून तरी वारशात मिळाला असणार. शिळा झाला तरी चालायचा. आज मात्र तो चालेना, कारण पलीकडच्या खोलीत तिची आई पडली होती, विठाबाई, जिला दोन्ही लेकरं आव्वा म्हणत.

आव्वा चंदगडच्या बाजूची. पावसानं शेवाळलेल्या गोठ्याच्या उंबऱ्यावर पाय घसरून पडली, टेंगूळ आलं, गेलं, सगळे विसरले. मग काही आठवड्यांनी तिचा डावा पाय ओढू लागला, भाकरी थापता थापता हात मध्येच थांबू लागले, एकदा तर ती भर दुपारी दिवा लावून बसली. धाकट्या राजवीरनं तिला गाडीत घालून कोल्हापूरला आणलं आणि दुधाच्या वेळा कुणी सांभाळायच्या म्हणून तो परत गेला. आता आव्वा पलंगावर उताणीसुद्धा झोपू शकत नव्हती. मान एका कुशीला कलती ठेवून पडायची, गेली कित्येक वर्षं तशीच पडत आली होती, कारण डोक्याच्या उजव्या अंगाला आणि मागं जट होती. मनगटाएवढी जाड, कमरेच्या खाली गेलेली, हळदीनं पिवळी पडलेली, टोकाकडे तांबूस. हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरीवर ती वेगळीच निजल्यासारखी दिसत होती. परिचारिका तिच्याकडे न बघता आव्वाचा रक्तदाब मोजून जात. आव्वानं सकाळी शुद्धीत असताना डॉक्टरांना एकच गोष्ट सांगितली होती आणि त्यांच्याकडे न बघता सांगितली होती, “जीव जाऊ दे की. ही जायाची न्हाय.”

संयोगिता खोलीत येऊन खुर्चीवर बसली. आव्वाला गुंगी होती. जट तिला अगदी लहानपणापासून माहीत होती? नाही, जटेआधीची आव्वाही तिला आठवत होती, आणि तीच आठवण अवघड होती. त्या आव्वाला लांबसडक मोकळे केस होते आणि ते केस तिच्या बापाच्या, आता हयात नसलेल्या हंबीररावांच्या, मुठीत मावत. हंबीरराव एकेकाळचे पैलवान. गुडघा गेला, आखाडा सुटला आणि त्या दोन दणकट हातांना काही काम उरलं नाही. पुढं ती वर्गात सामुराईंबद्दल शिकवायची, की नव्या सरकारनं त्यांची तलवार काढून घेतली, तनखे बंद केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या लढण्याखेरीज काही न केलेली माणसं छत्र्या शिवू लागली, आणि काही जण ते न जमल्यानं घरातच लढू लागले, तेव्हा हे शेवटचं वाक्य कुठल्याच पुस्तकात नाही हे पोरांना कळायचं नाही. हंबीरराव आव्वाला केसांना धरून चुलीपासून अंगणापर्यंत ओढत. संयोगिता भिंतीला चिकटून उभी असायची. ओढताना आव्वा ओरडत नसे, फक्त दोन्ही हातांनी स्वतःचे केस मुळाशी घट्ट धरायची, म्हणजे कमी दुखतं. असलं शहाणपण बायकांना कोण शिकवतं कुणास ठाऊक.

मग एका पावसाळ्यात आव्वा तापानं अंथरुणाला खिळली. केसांना पाणी नाही, फणी नाही. उठली तेव्हा मागं केसांची गाठ झाली होती. शेजारणीनं तेल लावून सोडवून बघितली, सुटेना. पुढच्या मंगळवारी एक जोगतीण दारात आली, परडी खाली ठेवून तिनं ती गाठ बघितली, हात जोडले आणि म्हणाली, ही गाठ न्हवं बाई, यल्लम्मा आलीया. संयोगिताला त्या वेळचा बापाचा चेहरा लख्ख आठवतो. कुस्तीत न घाबरलेला माणूस घाबरला होता. त्या दिवसानंतर हंबीररावांनी आव्वाच्या केसांना हात लावला नाही. केसांना नाही म्हणजे तिलाच नाही, कारण धरायचं कुठं हा प्रश्न होता. मंगळवारी आणि शुक्रवारी आव्वा जटेला हळद-कुंकू लावून पाटावर बसायची आणि ज्या घरात तिला मान वर करायची सोय नव्हती त्या घरात ती बोलेल ते होऊ लागलं. मोजकंच बोलायची, हावरटपणा नव्हता. दहावीनंतर संयोगिताचं लग्न ठरवायचं चाललं होतं, मुलगा मलकापूरचा, सोयरीक जवळजवळ पक्की, तेव्हा एका शुक्रवारी आव्वा डोळे मिटून घुमली आणि म्हणाली, पोरीला शिकू दे म्हणती आई. हंबीररावांनी मान डोलावली. संयोगिता कोल्हापूरला शिकायला आली ती त्या जटेला धरून. तिच्या सगळ्या पदव्यांच्या मुळाशी न विंचरलेले केस होते, ही गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

सांगणार कशी? शहरात आल्यावर ती शहाणी झाली. वाचलं, पटलं, आणि पटलेलं ती बोलूही लागली. महिला दिनाला जट म्हणजे निव्वळ अस्वच्छता आणि बाईच्या मानेवरचं जोखड, असं तिनं सभागृहात ठणकावून सांगितलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात आव्वा कळंब्याच्या तिच्या फ्लॅटवर आली तेव्हा जिन्यातच तिच्या डोक्यावरचा पदर पुढं ओढला होता. आव्वाला कळलं होतं. ती तीन मजले पदर धरून चढली आणि वर आल्यावर म्हणाली की हवा छान हाय हितं. स्वतः संयोगितानं केस कापून खांद्याच्या वर आणले ते नोकरी कायम झाली त्या वर्षी. जपानमध्ये पुरुषांना डोक्यावरचा बुचडा कापा म्हणून सरकार मागं लागलं होतं, पण कुण्या बाईनं आपण होऊन केस आखूड केले तर तिच्यावर बंदी, हे ती वर्गात मोठ्या त्वेषानं शिकवायची, मुली माना डोलवायच्या. ते कापलेले केस बघून आव्वा चिडेल असं तिला वाटलं होतं. आव्वानं तिच्या मानेवरून, जिथं केस संपत होते तिथून, हात फिरवला आणि विचारलं, “हलकं वाटत आसंल न्हवं?”

हे एक वाक्य आज दुपारपासून संयोगिता मुठीत धरून बसली होती. त्यात हेवा होता? थकवा होता? की नुसतीच विचारपूस, जशी नव्या चपलेची करतात? हेवा असेल तर काम सोपं होतं. मग आव्वालाही हे ओझं नकोच आहे, फक्त तिला तसं म्हणता येत नाही, आणि लेकीनं तिच्या वतीनं म्हटलं तर ते पुण्याचं काम. संयोगिताला हा युक्तिवाद ओळखीचा वाटला. चीनमध्ये बायकांच्या बांधलेल्या पायांच्या पट्ट्या सोडवायला तपासनीस घरोघर फिरले तेव्हा ते असंच बोलत असणार. हाडं मोडून, वळून, तशीच जुळलेली असायची. पट्ट्या सुटल्यावर त्या बायकांना बांधलेल्या पायांपेक्षा जास्त दुखायचं. हे ती एका वाक्यात सांगून पुढच्या मुद्द्यावर जायची, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे.

तिनं राजवीरला फोन लावला. तो गोठ्यात होता, मागं म्हशी हंबरत होत्या. तिनं सगळं सांगितलं आणि तुझं काय म्हणणं म्हणून विचारलं. मग तो म्हणाला, “अक्का, मी न्हाय म्हटलं आन्‌ आव्वा गेली तर मी खुनी. मी व्हय म्हटलं आन्‌ आईचा कोप झाला तर घरात बारकं लेकरू हाय. तू शिकलीयास. तू बग.” तिला त्याचा राग आला आणि लगेच ओसरला. खरंच बोलला होता बिचारा. शिकलेल्या माणसाला देव लागत नाही, असा गावाचा हिशेब असतो, त्यामुळं गावाची असली कामं त्याच्याच गळ्यात पडतात.

ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं तेव्हा आव्वानं डोळे उघडले. नजर आधी छताला, मग खिडकीला आणि मग फिरत संयोगितावर आली. ओळखलं. जीभ जड झाली होती तरी शब्द कळत होते. तिनं उजवा हात उचलून जट पुढं छातीवर ओढून घेतली, तान्ह्या पोराला घेतात तशी, आणि विचारलं, “मला झोप याय लागलीया, संयू. तू हितं बसशील न्हवं? कुणी हात लावाय आलं तर?”

“बसते की,” संयोगिता म्हणाली.

प्रश्न दोन होते आणि उत्तर तिनं पहिल्याचंच दिलं होतं. आव्वाला ते दोन्हींचं वाटलं. तिच्या कपाळावरची आठी गेली, डोळे मिटले, तोंड किंचित उघडं पडलं आणि श्वासाला घरघर लागली. त्यानंतर संयोगितानं दोनदा हाक मारली, गालावर थोपटलं, पण आव्वा जागी झाली नाही. डॉक्टर आले, बुबुळांवर बॅटरी मारून बघितली आणि आता वेळ घालवू नका एवढंच म्हणाले.

तिला शबनूर आठवली. यंदाच्या वर्गातली मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी, स्कार्फ नीट पिना लावून बांधलेला. चीनमध्ये मांचूंची राजवट उलथली तेव्हा शहरांच्या वेशींवर सैनिक कात्र्या घेऊन उभे राहिले आणि बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना पकडून त्यांच्या वेण्या कापू लागले, हे संयोगिता सांगत होती. म्हातारे ढसाढसा रडले. कुणी वेशीतून परत फिरले. कुणी तुटलेली वेणी फडक्यात गुंडाळून घरी नेली आणि मेल्यावर आपल्याबरोबर पुरा म्हणून बजावून ठेवलं. शबनूरनं हात वर करून विचारलं होतं, “पण मॅडम, ती वेणी तर त्यांच्यावर जबरदस्तीनंच लादलेली होती की. मग ती गेल्यावर रडायचं कशाला?” संयोगितानं उत्तर दिलं, सवय. अडीचशे वर्षांची सवय. लिहून घ्या. मुलीनं लिहून घेतलं, पण तिचं समाधान झालं नव्हतं, पेन थोडा वेळ वहीवर तसाच टेकून राहिला होता. आता संयोगिताला वाटलं की त्या मुलीला बोलावून सांगावं, बाई, मला माहीत नव्हतं, मी दडपून ठोकून दिलं. कुणी लादलं हे माणूस विसरतो असं नाही. पण त्या लादलेल्या गोष्टीच्या आडोशाला तो इतकं काही करून घेतो, संसार, मान, एखाद्या पोरीचं शिक्षण, की मग कात्री चालते ती त्या सगळ्यावर चालते. आणि कात्री धरणाऱ्याला फक्त केस दिसतात. तिनं शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही केली.

केस काढायचं काम नजीराकडं होतं, वॉर्डातल्या आयाकडं. तिनं कात्री, वस्तरा, पाण्याचं भांडं आणलं, पडदा ओढला आणि जट बघून जागच्या जागी थांबली. मग तिनं स्वतःच्या डोक्यावर पदर घेतला, ओठ हलवून काहीतरी पुटपुटली आणि संयोगिताकडं वळून हळूच विचारलं, “ताई, तुमी भाईर थांबता का?” संयोगिता म्हणाली की ती बसणार आहे, तसं कबूल केलंय. कात्री जटेत शिरेना. केस कसले, वाळलेल्या वाखासारखं झालं होतं ते आतून. नजीरानं थोडं थोडं करत कापलं, करकर आवाज येत राहिला, हळदीची जुनी पूड चादरीवर सांडली. जट सुटली तेव्हा आव्वाची मान, जी इतकी वर्षं उजवीकडे कललेली होती, आपोआप सरळ झाली. जटेखालची कातडी पांढरीफटक होती, तिथं ऊन-वारा कधी गेलाच नव्हता, आणि दोन ठिकाणी जुनी जखम चिघळून वाळली होती. आव्वा त्याबद्दल कधी बोलली नव्हती. नजीरानं जट दोन्ही हातांवर घेतली आणि हे ठेवायचं की नदीत सोडायचं ते विचारलं.

शस्त्रक्रिया चालू असताना ती जट स्वच्छ फडक्यात संयोगिताच्या मांडीवर होती. भलतीच जड. आणि तिथं, मशीनच्या चहाच्या वासात बसल्या बसल्या, तिच्या शिकलेल्या डोक्यात ते आलं. जपानला शिकायला गेलेले चिनी विद्यार्थी तिथं वेण्या कापून टाकत, आधुनिक होत, आणि परत येताना शांघायच्या बंदरात उतरले की खोटी वेणी विकत घेऊन टोपीला आतून शिवत, कारण घरी आई असे. वर्ग इथंही हसायचा. शस्त्रक्रिया आटपून डॉक्टर बाहेर आले तेव्हा जट टोपीला शिवली तर चालेल का, असं तिनं विचारलं. डॉक्टर आधी वैतागले, मग जखमेपासून लांब राहील आणि एक-दोन दिवसांत काढाल तर माझी ना नाही म्हणाले. म्हातारीला धक्का बसायला नको, हे त्यांनाही पटलं. पट्टीवरून कापडी टोपी घालतात, त्या टोपीच्या उजव्या कडेला नजीरानं जट आतून टाके घालून शिवली आणि वरून आव्वाचाच जुना रुमाल बांधला. टाके अगदी बेमालूम. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आव्वा शुद्धीवर आली आणि बरी होती. म्हणजे चमत्कार वाटावा इतकी बरी. बोबडी गेली, नजर स्थिर झाली, पाय हलला. राजवीर पहाटेच आला होता, त्याच्याकडं तिनं गाभण म्हशीची चौकशी केली. नजीराला बाई तुमी कुठल्या म्हणून विचारलं, पाणी मागून घेतलं. संयोगिता पायाशी उभी होती. मग आव्वाचा उजवा हात सवयीनं खांद्यावर गेला, जटेवरून फिरला, ती पुढं छातीवर घेतली, कुरवाळली. आव्वानं जट मुठीत धरली आणि हलकेच खाली ओढली. मुळाशी ताण बसला नाही. ओढल्यावर टोपी तेवढी कानावर सरकली. हे तिला कळू नये कसं? केस ओढले की कुठं, किती, कसं दुखतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आव्वानं डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं मूठ सोडली आणि हात चादरीवर ठेवला. त्यानंतर त्या जटेला तिनं पुन्हा हात लावला नाही, विचारलंही नाही. राजवीर खुशीत होता, अक्का तू लई मोठं काम केलंस म्हणाला. संयोगितानं त्याला गप्प राहायची खूण केली.

दोन दिवसांनी राजवीर संत्री घेऊन आला. संयोगिता कॉलेजातून तास आटपून आली होती, पर्स खांद्यालाच होती. आव्वा उशीला टेकून बसली होती. तिनं संयोगिताकडं पाहिलं, चांगलं नीट पाहिलं, आणि गावात वाटसरूला विचारतात त्या अदबीनं विचारलं, “कुठलं म्हणायचं पावणं तुमी?”

राजवीर हसला, म्हणाला आव्वा, अक्का हाय ती आपली. आव्वानं त्याला काही उत्तर दिलं नाही. तो घाबरून डॉक्टरांना बोलवायला गेला. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी आव्वाला साल विचारलं, गाव विचारलं, राजवीरच्या पोराचं नाव विचारलं, सगळं तिनं बिनचूक सांगितलं. ही कोण म्हटल्यावर ती म्हणाली, पावणं हायती. मेंदूला सूज असते, होतं असं कधीकधी, ओसरेल, असं म्हणून डॉक्टर पुढच्या पलंगाकडं गेले. राजवीर औषधं आणायला खाली उतरला आणि खोलीत दोघी उरल्या. आव्वानं पाय जवळ घेऊन पलंगाच्या कडेला जागा केली आणि बसा की म्हणाली. संयोगिता बसली. आव्वानं संत्रं सोललं, दोरे काढले, एक फोड पुढं केली.

“तुमचं कोण हाय हितं?” आव्वानं विचारलं.

“आई.”

“बरी हाय?”

“व्हय,” संयोगिता म्हणाली. “बरी हाय आता.”

आव्वानं मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते आणि स्वच्छ, त्यात कसलंही धुकं नव्हतं, हे संयोगितानं पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला पुढं आयुष्यभर वाटत राहणार होतं. “माझी बी लेक हाय हितं, कोल्हापुरात,” आव्वा म्हणाली. “मोठ्या कालिजात शिकवती. तिला कुणी कळवलंच न्हाय बगा. ती आसती तर तिनं ह्यास्नी हात लावू दिला नसता.”

संयोगितानं ती फोड घेतली आणि खाल्ली.